मतपेटी आणि महामार्ग

नगरपालिकेची निवडणूक म्हटली की नळ, गटार, दिवा आणि रस्ता या चार गोष्टी प्रत्येक उमेदवाराच्या तोंडी येतात. पहिल्या तिन्हींविषयी उमेदवारांत वाद झालाच, तर तो आधी कोणाच्या आळीत, एवढ्यापुरताच असतो. नळाचे पाणी नको म्हणणारा नागरिक विरळा. रस्त्याची गोष्ट मात्र निराळी आहे. रस्ता रुंद करावयाचा म्हणजे कोणाची ओसरी, कोणाचे दुकान, कोणाचे राहते घर त्याच्या पोटात जावयाचे; आणि ज्याचे घर जाते तोच उद्या त्या रस्त्यावरून मोटार हाकील असेही नाही. बसचे भाडे उतरवावयाचे, तर ती तूट कोणाच्या तरी करातून भरून काढावी लागते. आणि कर भरणारा त्या बसमध्ये बसतोच असे नाही. म्हणून रस्ता आणि बस हे वरवर पाहता इंजिनिअरांचे विषय असले, तरी मुळात ते न्यायाचे विषय आहेत. असे प्रश्न लोकांनी मत देऊन सोडवावयाचे म्हटले, तर काय घडते, हे पाहण्यासाठी लंडन शहराचा इतिहास फार बोधप्रद आहे.

लंडनला साऱ्या शहराची अशी लोकनियुक्त संस्था मिळाली ती १८८९ मध्ये. त्या वर्षी लंडन कौंटी कौन्सिलची पहिली निवडणूक झाली, आणि प्रागतिक म्हणवणाऱ्या पक्षाचे बहुमत झाले. ट्रामगाड्या खासगी कंपन्यांच्या हाती नसाव्यात, त्या नगरीच्या मालकीच्या असाव्यात, आणि सकाळी कामावर जाणाऱ्या मजुराला स्वस्त तिकीट मिळावे, हा त्या पक्षाच्या कार्यक्रमाचा एक ठळक भाग होता. १८७० च्या कायद्याने एकवीस वर्षांनंतर ट्रामच्या वाटा विकत घेण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिलेला होताच. त्याचा उपयोग करून कौन्सिलने एकेक मार्ग ताब्यात घेतला आणि १९०३ च्या मे महिन्यात वेस्टमिन्स्टर पुलापासून टूटिंगपर्यंत विजेची ट्राम सुरू केली. स्वस्त ट्राम म्हणजे केवळ वाहन नव्हे. कारखान्याच्या धुरातून दूर, जरा मोकळ्या हवेत बिऱ्हाड थाटण्याची ती सोय होती.

१९०७ च्या निवडणुकीत विरोधी पक्षाने याच गोष्टीवर बोट ठेवले. नगरपालिकेने व्यापार का करावा, आणि त्याचा बोजा घरपट्टी भरणाऱ्याने का सोसावा, असा त्याचा सवाल होता. तो पक्ष निवडून आला आणि १९३४ पर्यंत सत्तेवर राहिला. पण सत्तेवर येताच त्याने ट्राम काही मोडीत काढल्या नाहीत. चालू झालेली सोय काढून घेणे हे नवी सोय नाकारण्यापेक्षा अवघड असते, हे राजकारणातले जुने सत्य तेव्हाच दिसून आले. पुढे १९३३ मध्ये ट्राम, बस आणि भुयारी रेल्वे या सर्वांसाठी स्वतंत्र मंडळ नेमण्यात आले, आणि वाहतुकीचा कारभार लंडनच्या मतदाराच्या हातून सुटला. त्याच्या ट्रामही गेल्या. लंडनची शेवटची जुनी ट्राम १९५२ च्या जुलैत धावली. मुंबईने आपल्या ट्रामला त्यानंतर बारा वर्षांनी, १९६४ च्या मार्चअखेर, निरोप दिला.

ट्राम गेली ती मोटारीला वाट करून देण्यासाठी. मोटारींसाठी लंडनभोवती एकाबाहेर एक अशी वर्तुळाकार राजरस्त्यांची कडी घालावी, ही कल्पना युद्धकाळातच मांडली गेली होती. बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झालेल्या नगरीची पुनर्रचना कशी करावी, याचे आराखडे पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी या नगररचनाकाराने १९४३ आणि १९४४ मध्ये तयार केले, त्यांत ही कडी होती. युद्धानंतर पैसा नव्हता, म्हणून ती कागदावर राहिली. १९६५ मध्ये जुनी कौंटी कौन्सिल जाऊन तिच्या जागी अधिक विस्तृत प्रदेशाची ग्रेटर लंडन कौन्सिल आली, आणि नव्या संस्थेच्या नव्या उमेदीने ती जुनी कल्पना पुन्हा टेबलावर आली. आता तिचे नाव होते रिंगवे. सर्वांत आतले कडे लंडनच्या जुन्या, दाट वस्तीतून जावयाचे होते. उत्तरेस हॅम्पस्टेड आणि हॅकनी, दक्षिणेस बॅटर्सी, ब्रिक्स्टन आणि ब्लॅकहीथ अशी त्याची दिशा होती. टीकाकारांच्या अंदाजाप्रमाणे या सर्व योजनेमुळे बेघर होणाऱ्यांची संख्या लाखाच्या घरात जात होती.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ही योजना कोणा एका पक्षाची नव्हती. आतल्या कड्याची घोषणा झाली ती मजूर पक्षाचे बहुमत असताना. १९६७ मध्ये हुजूर पक्षाने शंभरांपैकी ब्याऐंशी जागा जिंकून सत्ता घेतली, आणि त्या पक्षाने ती योजना तितक्याच उत्साहाने पुढे चालवली. मोटारी वाढणारच, म्हणून रस्तेही वाढलेच पाहिजेत, हे गणित दोन्ही बाकांना सारखेच मान्य होते. साहजिकच ज्याच्या घरावरून नकाशातली रेघ गेली होती, त्या मतदाराने काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. या पक्षाला मत दिले तरी घर जाणार, आणि त्या पक्षाला दिले तरी जाणार. मतपेटी त्याच्यासमोर होती, पण तिच्यात टाकण्याजोगे मत त्याच्यापाशी नव्हते.

नकाशावरची रेघ ही नुसती रेघ नसते. ज्या घरावरून ती जाते, ते घर विकत घेण्यास कोणी धजत नाही, त्यावर कोणी कर्ज देत नाही, आणि उद्या पाडले जाणारे छप्पर आज शाकारावे असे घरमालकालाही वाटत नाही. रस्ता होण्यापूर्वीच त्याची छाया पडते आणि चांगल्या आळीला अवकळा येते. मग ती अवकळाच पुढे करून, असल्या गलिच्छ वस्तीतून रस्ता नेण्यास हरकत कसली, असे म्हणण्यास अधिकारी मोकळे होतात.

या गणिताला पहिला सप्रमाण आक्षेप घेतला तो काही नागरिक मंडळांनी आणि त्यांना साहाय्य करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी. मायकेल थॉमसन यांचे लंडनच्या मोटरवेंविषयीचे पुस्तक १९६९ मध्ये निघाले. या पक्षाचा युक्तिवाद थोडक्यात असा होता. रस्ता रुंद केला की तेवढ्याच मोटारी अधिक सुखाने जातात असे होत नाही. त्या रुंद रस्त्याच्या मोहाने आजवर बसने जाणारा माणूस मोटार बाहेर काढतो. बसचे उतारू घटले की बस तोट्यात येते, फेऱ्या कमी होतात, आणि त्या कमी झाल्या म्हणून आणखी काही उतारू तिला सोडून जातात. म्हणजे रस्त्याने जी गर्दी दूर करावयाची, ती गर्दी रस्ताच निर्माण करतो. आणि या सर्वांत ज्याच्याकडे मोटार नाही, त्याची बस तेवढी जाते. त्या दशकाच्या आरंभी लंडनमधील निम्म्याहून अधिक कुटुंबांकडे मोटार नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या युक्तिवादाचे वजन कळून येते.

१९७० च्या निवडणुकीत काही नागरिकांनी ‘रस्त्यांआधी घरे’ अशा अर्थाचे नाव घेऊन स्वतःचे उमेदवार उभे केले. त्यांपैकी एकही निवडून आला नाही. हुजूर पक्षाने पासष्ट जागा घेऊन सत्ता राखली. मजूर पक्षाला पस्तीस मिळाल्या, आणि त्यानेही अद्याप योजनेस उघड विरोध केलेला नव्हता. वरवर पाहता मोटरवेच्या विरोधकांचा हा पुरता पराभव होता. परंतु निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराचेही एक कार्य असते. इतकी मते कोठे आहेत आणि ती कशासाठी पडून आहेत, हे तो मोठ्या पक्षांना दाखवून देतो.

त्याच वर्षी जुलैमध्ये वेस्टवे हा उन्नत मार्ग खुला झाला. पॅडिंग्टनपासून पश्चिमेकडे सुमारे अडीच मैल, खांबांवरून, नॉर्थ केन्सिंग्टनच्या गरीब वस्तीच्या डोक्यावरून तो गेला होता. अ‍ॅक्लम रोडवरील घरांच्या वरच्या मजल्याच्या खिडक्यांसमोरूनच मोटारी धावू लागल्या. उद्घाटनाच्या दिवशी तेथील रहिवाशांनी घरांवर भला मोठा फलक लावला होता. या नरकातून आम्हांला बाहेर काढा आणि दुसरीकडे घरे द्या, असा त्याचा आशय होता. आजवर रिंगवे ही नकाशावरची रंगीत रेघ होती. वेस्टवेने ती सिमेंटची आणि आवाजाची झाली. नकाशा वाचता न येणाऱ्या माणसालाही आता योजनेचा अर्थ समजला.

पाठोपाठ लंडनच्या विकास आराखड्याची जाहीर चौकशी सुरू झाली. फ्रँक लेफील्ड हे तिचे अध्यक्ष होते. तिच्यापुढे अठ्ठावीस हजारांहून अधिक हरकती आल्या, आणि त्यांतील बहुसंख्य रस्त्यांसंबंधी होत्या. दोन वर्षे हे काम चालले. १९७३ च्या फेब्रुवारीत अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा चौकशी मंडळाने बाकीच्या कड्यांना बरीच कात्री लावली होती. पण सर्वांत आतले, सर्वांत अधिक घरे पाडणारे कडे मात्र कायम ठेवावे, असे त्याचे मत पडले. केंद्र सरकारनेही ते तत्त्वतः स्वीकारले. तज्ज्ञ, सरकार आणि कौन्सिलमधील सत्ताधारी पक्ष असे तिघेही आता एका बाजूला होते.

दुसरी बाजू घेतली ती मजूर पक्षाने. जो पक्ष या योजनेचा जनक होता, त्यानेच १९७२ मध्ये तिच्याविरुद्ध भूमिका घेतली. या बदलामागे निव्वळ तत्त्वनिष्ठा होती असे म्हणता येणार नाही. बॅटर्सीचे खासदार डग्लस जे यांच्यासारखे त्या पक्षातील काही जण आधीपासूनच मोटरवेविरोधी चळवळीत होते. शिवाय ज्या वस्त्यांतून रस्ता जावयाचा होता, त्यांतील कित्येक त्या पक्षाच्या मतदारांच्या होत्या. पण कारण काहीही असो, परिणाम महत्त्वाचा होता. प्रथमच मतदारापुढे दोन निरनिराळ्या वाटा ठेवण्यात आल्या. एक पक्ष म्हणत होता, रस्ता करू. दुसरा म्हणत होता, रस्ता करणार नाही. तो पैसा घरांकडे आणि बस-रेल्वेकडे वळवू. १९७० च्या आरंभापासून लंडनच्या बस आणि भुयारी रेल्वे यांचे धोरण ठरवण्याचा अधिकार कौन्सिलकडे आलेला होता, त्यामुळे हे दुसरे आश्वासन पोकळ नव्हते.

१२ एप्रिल १९७३ रोजी मतदान झाले. मजूर पक्षाला अठ्ठावन्न जागा मिळाल्या, हुजूर पक्षाला बत्तीस आणि लिबरलांना दोन. त्या सुमारास देशातील सरकार लोकांना अप्रिय झाले होते, महागाई आणि घरभाडे यांचा जाच होता. तेव्हा हा सारा कौल रस्त्यावरच पडला असे मानणे धाडसाचे होईल. तरीही रेजिनाल्ड गुडविन यांच्या नेतृत्वाखाली नव्या कौन्सिलने सत्तेवर येताच रिंगवेची योजना रद्द केली आणि हजारो घरांवरची ती रेघ पुसून टाकली. तज्ज्ञांच्या समितीने जे कायम केले होते, ते मतपेटीने काढून टाकले.

आश्वासनाचा दुसरा अर्धा भाग मात्र पहिल्यापेक्षा कठीण निघाला. रस्ता न करण्यास पैसा लागत नाही. बस स्वस्त ठेवण्यास लागतो. वृद्धांना बसचा प्रवास मोफत झाला आणि तिकिटाचे दर गोठवले गेले. पण त्याच वर्षी तेलाचे संकट आले, महागाई भडकली, आणि १९७५ मध्ये त्याच कौन्सिलला भाडे वाढवणे भाग पडले. दोन वर्षांनी मतदाराने तिला घरी पाठवले.

१९८१ च्या मे महिन्यात मजूर पक्ष पुन्हा निवडून आला. या वेळी त्याच्या जाहीरनाम्यात भाडेकपातीचे स्पष्ट वचन होते. निवडणुकीच्या दुसऱ्याच दिवशी पक्षाने आपला नेता बदलला आणि केन लिव्हिंगस्टन यांच्याकडे सूत्रे आली. पण वचन बदलले नाही. ऑक्टोबरमध्ये भाडे सरासरी बत्तीस टक्क्यांनी उतरले. उतारू वाढले, शहरात येणाऱ्या मोटारी कमी झाल्या. मात्र त्यासाठी घरपट्टीवर पौंडामागे ६.१ पेन्सचा जादा भार पडला होता. लंडनच्या दक्षिण कडेचे ब्रॉम्ली हे उपनगर त्याविरुद्ध न्यायालयात गेले. ब्रॉम्लीत भुयारी रेल्वेचे एकही स्थानक नाही. जी गाडी आमच्या दारी येत नाही, तिच्या तिकिटासाठी आम्ही का भरावे, हा त्याचा प्रश्न होता; आणि तो उडवून लावण्यासारखा खचित नव्हता.

डिसेंबर १९८१ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहातील पाचही न्यायमूर्तींनी भाडेकपात बेकायदेशीर ठरवली. वाहतूक ‘काटकसरीने’ चालवावी असे १९६९ चा कायदा सांगत होता. त्याचा अर्थ शक्यतो जमाखर्चाचा मेळ घातला पाहिजे, असा त्यांनी लावला. त्याहून दूरगामी असा त्यांचा दुसरा मुद्दा होता. कौन्सिल ही घरपट्टी भरणाऱ्यांच्या पैशाची विश्वस्त आहे. निवडून आलेल्या सभासदांनी जाहीरनाम्यातील वचन म्हणजे काही झाले तरी पाळावयाची आज्ञा असे मानू नये. सत्तेवर आल्यावर त्यांनी साऱ्या बाजू नव्याने तोलून निर्णय घ्यावयास हवा होता. १९८२ च्या मार्चमध्ये भाडे जवळजवळ दुप्पट झाले, आणि बसमधून उतरलेला माणूस पुन्हा मोटारीत जाऊन बसला.

या निर्णयाने लोकशाहीतील एक मर्मस्थान उघडे पडले. उमेदवाराने वचन दिले आणि ते पाळले नाही, तर लोक त्याला लबाड म्हणतात. येथे वचन दिले, लोकांनी त्यावर मत दिले, वचन पाळले; आणि पाळले म्हणूनच ते कायद्याच्या कचाट्यात सापडले. बहुसंख्यांचा कौल आणि अल्पसंख्य करदात्याचा हक्क यांच्यामध्ये कोठे तरी रेघ ओढावीच लागते. रिंगवेच्या वेळी ती रेघ घरांवरून जात होती. या वेळी ती घरपट्टीच्या बिलावरून गेली. हॅकनीतील भाडेकरूने मोटारवाल्यांसाठी आपले घर का द्यावे, हा प्रश्न जितका खरा, तितकाच ब्रॉम्लीतील करदात्याचा प्रश्नही खरा होता. मुंबईच्या महापालिकेला हा पेच अपरिचित नाही. १९४७ पासून तिच्या मालकीच्या असलेल्या बेस्टच्या बसगाड्यांचा तोटा दीर्घकाळ विजेच्या उत्पन्नातून भरून काढला जाई. म्हणजे तेथेही तिकिटाचा काही भाग बसमध्ये नसलेला माणूस भरत असे.

लंडनने या पेचातून मधला मार्ग काढला. कायदेशीर सल्ल्याने नीट आखणी करून १९८३ च्या मे महिन्यात भाडे पंचवीस टक्क्यांनी उतरवण्यात आले, शहराचे वर्तुळाकार विभाग पाडण्यात आले, आणि बस व भुयारी रेल्वे या दोहोंत चालणारा एकच पास निघाला. घाईने केलेली कपात न्यायालयात पडली. विचाराने केलेली टिकली. तो पास इतका लोकप्रिय झाला की १९८४ मध्ये केंद्र सरकारने वाहतूक कौन्सिलकडून काढून घेतली आणि १९८६ च्या मार्चअखेर कौन्सिलच बरखास्त केली, तरी पासाला हात लावण्याचे कोणाच्या मनात आले नाही. त्याच १९८६ मध्ये, ऑक्टोबरात, लंडनबाहेरचा मोठा वर्तुळमार्ग पुरा झाला. रिंगवेच्या बाहेरच्या दोन कड्यांचे तुकडे जोडून तो केंद्र सरकारने बांधला होता. म्हणजे जेथे वस्ती विरळ होती तेथे रस्ता झाला. जेथे मतदार दाट होते तेथे तो होऊ शकला नाही.

पुढे २००० मध्ये लंडनला थेट निवडून दिलेला महापौर मिळाला, तेव्हा तेच लिव्हिंगस्टन अपक्ष म्हणून उभे राहिले. शहराच्या मध्यभागी मोटार आणणाऱ्याकडून पट्टी घ्यावयाची आणि ती बससेवेवर खर्च करावयाची, हे त्यांनी निवडणुकीपूर्वीच सांगितले होते. फेब्रुवारी २००३ पासून रोजची पाच पौंडांची ती पट्टी सुरू झाली. २००८ मध्ये त्यांचा पराभव झाला आणि नव्या महापौरांनी पट्टीच्या क्षेत्राचा पश्चिमेकडील वाढीव भाग काढून टाकला. पण मूळ क्षेत्र तसेच राहिले. २०२४ च्या निवडणुकीतही मोटारीवरील आकार हाच गाजलेला विषय होता. वाद संपला नाही, आणि संपू नये हेच बरे. कारण तो संपतो तेव्हा बहुधा सारे पक्ष एकमत झालेले असतात, आणि ज्याचे घर जावयाचे त्याला विचारणारे कोणी उरलेले नसते.

ब्रिक्स्टनमध्ये कोल्डहार्बर लेनवर एक लांबलचक, तटबंदीसारखी इमारत आहे. तिच्या एका बाजूला अगदी लहान लहान खिडक्या आहेत. आतल्या कड्यावरून धावणाऱ्या मोटारींचा आवाज अडवावा म्हणून ती तशी आखली गेली. रस्ता १९७३ मध्ये रद्द झाला; इमारत १९८१ मध्ये पुरी झाली. जो रस्ता कधी आलाच नाही, त्याच्याकडे पाठ करून ती आजही उभी आहे, आणि तिच्या पुढच्या रस्त्यावरून बस जात असते.